तारेच्या टोकाला

कित्तूर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला राणी चन्नम्मा आठवते, १८२४ सालची इंग्रजांशी झालेली लढाई आठवते. मला त्यांच्याबरोबर एक लोखंडी कपाटही आठवते. सी-डॉट या संस्थेने तयार केलेले पहिले ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बसले ते कित्तुरात. १२८ जोडण्यांचे. संस्थेची स्थापना ऑगस्ट १९८४ची. म्हणजे पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्या यंत्राला वातानुकूलित खोली लागत नव्हती, याचेच तेव्हा सगळ्यांना अप्रूप होते. मी त्या वेळी इंजिनिअरिंगला होतो. आम्ही तिघे मित्र सकाळच्या धारवाड बसने ते बघायला गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने अर्धे कन्नडात, अर्धे मराठीत, आपल्याकडे चालते तसे सगळे समजावून सांगितले, आणि निघताना म्हणाला, "आत सगळे आकडेच बघा. बाहेर तारेवर मात्र अजून आवाजच."

ते वाक्य मला पुढे दहा वर्षांनी, बेळगावपासून हजारो मैलांवर, चांगलेच समजले.

आवाजाचे आकडे करायचे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बोलण्याच्या लहरीचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहायचा. गुणाकार केला की सेकंदाला ६४,००० बिट होतात. ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याला ही युक्ती पॅरिसमध्ये नोकरीत असताना १९३७ साली सुचली, पण तेव्हाच्या निर्वात नळ्यांनी ती करणे परवडण्यासारखे नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ पासून, अमेरिकेत एका एक्स्चेंजपासून दुसऱ्यापर्यंतच्या तारांवर ती वापरात आली. तारांच्या दोन जोड्यांवर २४ संभाषणे जाऊ लागली. पुढे एक्स्चेंजेही डिजिटल झाली. राहिला तो शेवटचा तुकडा, एक्स्चेंजपासून आपल्या दारापर्यंतचा. त्यावर आवाज पूर्वीसारखाच, लहरीच्या रूपात जात राहिला.

या तुकड्यावरून कॉम्प्युटरला बोलायचे असेल तर त्याला माणसाचे सोंग घ्यावे लागे. तार ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले सूर नेणार. तेव्हा कॉम्प्युटरचे शून्य आणि एक यांचे सूर करायचे, आणि पलीकडे सुरांचे परत शून्य-एक करायचे. हे काम मोडेमचे. १९६२ सालचे बेल कंपनीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट नेई. गंमत पाहा, एक्स्चेंजमध्ये पोहोचल्यावर त्या सुरांचे पुन्हा आकडे होत. म्हणजे आकड्यांचा आवाज, आवाजाचे आकडे, आकड्यांचा पुन्हा आवाज आणि शेवटी परत आकडे! कन्नड कागदाचे मराठी भाषांतर करून, त्याचे पुन्हा कन्नड करून कचेरीत द्यावे, तसला हा प्रकार. आपल्याकडच्या वाचकांना त्यातली मेहनत आणि गळती वेगळी समजावून सांगायला नको.

पण त्याहून मोठा प्रश्न होता तो तारेच्या टोकाला काय लावायचे आणि ते कोणी ठरवायचे हा. अमेरिकेत बेल कंपनीचा दंडक असा, की आमच्या तारेला आमच्याखेरीज कोणाचीही वस्तू लागता कामा नये. हश-अ-फोन नावाची साधी वाटीसारखी वस्तू निघाली होती. ती फोनच्या तोंडाला बसवली की शेजारच्या माणसाला आपले बोलणे ऐकू जात नसे. ना तार, ना वीज. तीवरही कंपनीने हरकत घेतली आणि १९५६ साली कोर्टाचा निकाल लागेपर्यंत भांडण चालले. पुढे टेक्ससच्या टॉम कार्टरने माळरानावर आणि तेलविहिरींवर काम करणाऱ्यांच्या वायरलेस संचाला फोन जोडून देणारे कार्टरफोन काढले. त्याचा निकाल १९६८ साली लागला, आणि तारेला अपाय न करणारी वस्तू ग्राहकाने लावायला हरकत नाही हे तत्त्व मान्य झाले. तरी कंपनीने मध्ये आपले संरक्षक खोके भाड्याने घ्यायची अट घातलीच. १९७५ साली सरकारने नोंदणीची पद्धत ठरवली तेव्हा कुठे ती अट सुटण्याची वाट मोकळी झाली. तोवर लोक फोनचा रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत खुपसून ठेवत आणि कॉम्प्युटर त्यात अक्षरशः शीळ घाली. १९८१ साली हेज कंपनीचे स्मार्टमोडेम आले. ते थेट तारेला लागे आणि कॉम्प्युटरने टाइप केलेल्या आज्ञा पाळी. 'ए' आणि 'टी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या आज्ञा पुढे सगळ्यांनीच उचलल्या.

आपल्याकडे तर १८८५ सालच्या टेलिग्राफ कायद्याने तार ही सरकारचीच मिरास होती. घरातला काळा फोन आपण पुसायचा, त्यावर भरतकामाचा रुमाल घालायचा, पण तो खात्याचा. त्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा कार्टरसारखे भांडण आपल्याकडे का झाले नाही, याचे मला नवल वाटत नाही. फोन मिळाला यातच माणूस कृतकृत्य होई.

आता ९ मार्च १९९६, शनिवार. मी तेव्हा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होतो. विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान उपान्त्यपूर्व सामना बंगलोरला दिवसरात्र चालला होता. तिथल्या टीव्हीवर तो दिसण्याची सोय माझ्याकडे नव्हती. क्रिकइन्फो १९९३ पासून सुरू होते; त्यावर धावफलक येई. पहाटे चारपासून मी मोडेम लावून बसलो होतो. सामना अर्ध्यात तुटू नये म्हणून फोन लावताना आधी तारा आणि सत्तर हे आकडे दाबले होते. तसे केले की 'कॉल वेटिंग' बंद होई. नाहीतर मध्येच कोणाचा फोन आला तर त्याच्या टिकटिकीने मोडेमची जोडणी तुटे. सोहेल आणि अन्वर यांनी दहा षटकांत ८४ धावा फोडल्या तेव्हा माझ्याप्रमाणे बेळगावात अण्णाही टीव्हीसमोर बसले होते. त्याच सुमारास त्यांच्या छातीत दुखू लागले.

धाकट्या बहिणीने त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले आणि समोरच्या एसटीडी बूथवरून मला फोन लावला. एंगेज. पाच मिनिटांनी पुन्हा एंगेज. ती अडीच तास लावत होती. बूथवाल्याने शेवटी तिला स्टूल दिले आणि म्हणाला, "बसा ताई, कोणतरी लांबलचक बोलतंय तिकडं." भारत ३९ धावांनी जिंकला. मी आनंदात फोन मोकळा केला आणि तत्क्षणी घंटा वाजली.

अण्णा त्यातून बचावले. "दादा, तू कोणाशी बोलत होतास एवढा वेळ?" या बहिणीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कोणाशीच बोलत नव्हतो. तारेवर सगळा वेळ नुसते सूर वाहत होते.

आठवड्याभरात मी आयएसडीएनची चौकशी केली. दुसरी साधी लाइन घेता आली असती, हे खरे. पण इंजिनिअरला दु:खातही नवे यंत्र सुचते.

आयएसडीएन म्हणजे कित्तुरच्या त्या कर्मचाऱ्याच्या वाक्याचा दुसरा भाग: आतले आकडे बाहेरच्या तारेवरही आणायचे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय तारसंघटनेने त्याचे नियम १९८४ साली मांडले. जुन्याच तांब्याच्या जोडीवर ६४,००० बिटांचे दोन मार्ग आणि १६,००० बिटांचा एक छोटा मार्ग. दोन मोठे मार्ग बोलण्यासाठी किंवा कॉम्प्युटरसाठी. छोटा मुख्यतः निरोपांसाठी, कोणाचा फोन आला, कोणी उचलला, कोणी ठेवला. जपानने ही सेवा १९८८ साली सुरू केली, जर्मनीने १९८९ साली, आणि दोन्ही देशांत ती घराघरांत गेली. अमेरिकेत तीन मोठ्या कंपन्यांची एक्स्चेंजे आणि तिघांची आयएसडीएनची बोली वेगवेगळी. एकीसाठी घेतलेले यंत्र दुसरीच्या गावात मुके. १९९२च्या सुमारास सगळ्यांची एक समान बोली ठरली, पण तोवर 'इट स्टिल डझ नथिंग' असा त्या चार अक्षरांचा विस्तार लोकांच्या तोंडी बसला होता.

माझी लाइन लागायला सात आठवडे गेले. पहिला तंत्रज्ञ आला, त्याने मीटर लावला, मान हलवली आणि गेला. दुसऱ्याने कारण शोधले. माझ्या घरापर्यंतच्या तारेत वाटेत लोडिंग कॉइल बसवलेल्या होत्या. या कॉइलची गोष्ट मोठी आहे. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होतो. ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी बसवली तर तो स्वच्छ राहतो, हे मायकेल प्युपिन या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापकाने दाखवून १९०० साली पेटंट मिळवले. बेल कंपनीने ते विकत घेतले आणि दूरच्या फोनचे बोलणे त्यामुळे शक्य झाले. पण बोलण्याच्या पट्ट्याच्या वर जे काही असेल ते ही कॉइल अडवते, आणि आयएसडीएनच्या आकड्यांना तर तो वरचा भागही लागतो. जिने पाऊणशे-शंभर वर्षे आवाज सांभाळला तीच आता धोंड झाली. त्या तंत्रज्ञाने दोन दिवस खांबांवर आणि जमिनीखालच्या कोठ्यांत जाऊन ती वेटोळी काढली. कंपनीची नावनिशी सांगण्याचे कारण नाही. उशीर झाला खरा, पण त्या माणसाचे हात काळे झालेले मी पाहिले आहेत.

मग आला तो ॲडॉप्टर. टर्मिनल ॲडॉप्टर हे त्याचे नाव. विटेएवढा चपटा डबा, पुढे दिव्यांची रांग, मागे भिंतीकडून येणारी तार, कॉम्प्युटरला जाणारी सिरियल केबल, साध्या फोनसाठी दोन खाचा आणि विजेची पिन. लोक त्याला डिजिटल मोडेम म्हणत, ते चूक. तो सूर काढत नाही. तो करतो ते काम मला आजही मजेचे वाटते: तो तिघांशी तीन तऱ्हांनी वागतो. एक्स्चेंजशी तो आयएसडीएनची शुद्ध भाषा बोलतो. कॉम्प्युटरला सांगतो की मी हेजचे मोडेमच आहे, आणि तशाच आज्ञा पाळतो. आणि खाचेत लावलेल्या साध्या फोनला भासवतो की मीच एक्स्चेंज आहे. त्याला डायल टोन देतो, घंटेसाठी वीज देतो. आपल्या खडेबाजारातला कापडवाला एका गिऱ्हाइकाशी कन्नड, दुसऱ्याशी मराठी, आणि आतल्या मुनीमाशी मारवाडी बोलतो ना, तसा. तिघांनाही वाटते की हा आपल्यातलाच.

पण जोडणीने घाम काढला. आधी एक्स्चेंज कोणत्या जातीचे ते डब्याला सांगायचे. मग दोन्ही मार्गांचे दोन ओळख-क्रमांक भरायचे. ते फोन नंबराच्या पुढे आणखी काही आकडे जोडून केलेले असत, आणि एक आकडा चुकला तरी एक दिवा लुकलुकत राही. माझा लुकलुकला चार संध्याकाळी. कंपनीकडून कागदावर आलेल्या क्रमांकातच दोन शून्ये गाळलेली होती.

त्यानंतर लक्षात आले की अडचण आता तारेत नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. हिशेब साधा आहे. दोन्ही मार्ग जोडले तर सेकंदाला १,२८,००० बिट, म्हणजे १६,००० अक्षरे येणार. पण कॉम्प्युटरच्या सिरियल खाचेचा कमाल वेग १,१५,२०० बिट. शिवाय ती प्रत्येक आठ बिटांच्या अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जास्तीचे लावते, म्हणजे हाती ११,५२० अक्षरेच. घराबाहेर हमरस्ता आणि दाराला खिडकीएवढी चौकट. त्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधली सिरियलची चिप एकाच अक्षराला जागा देणारी. कॉम्प्युटर दुसरीकडे गुंतला की पुढचे अक्षर मागचे पुसून टाकी. सोळा अक्षरे साठवणारी १६५५० क्रमांकाची चिप असलेले कार्ड आणून बसवले, तेव्हा गळती थांबली. बाहेरचा डबा घेण्याऐवजी आत बसणारे कार्ड घेतले असते तर ही अरुंद चौकट टळली असती. जर्मनीत बहुतेकांनी तेच केले. पण साधा फोन लावायच्या खाचा बाहेरच्या डब्यालाच असत, आणि मला खरी गरज त्यांचीच होती.

जूनमध्ये सगळे जमले. मी दोन्ही मार्गांवर कॉम्प्युटर चालवत असताना बेळगावहून फोन आला तर छोट्या मार्गाने निरोप येई, डबा एक मार्ग सोडून फोनला देई, आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर थोडा सावकाश चालू राही. बहिणीला मी मुद्दाम तसा फोन करायला लावला. पहिल्या घंटेला उचलला. दोघेही काही बोललो नाही.

पुढल्या उन्हाळ्यात अण्णा-आई आमच्याकडे आले. मोडेमची ती घरघर, शिट्ट्या, खरखर त्यांनी बेळगावात मित्राच्या मुलाकडे ऐकली होती. इथे मात्र बटण दाबले की दोन सेकंदांत, अजिबात आवाज न होता, जोडणी तयार. आई म्हणाली, "शिट्टी न वाजवताच लागला व्हय?" तिला त्यात काहीतरी कमी असल्यासारखे वाटले.

बिलात मात्र कमी काही नव्हते. साध्या लाइनवर स्थानिक फोनला मिनिटाचा हिशेब नसे. आयएसडीएनवर डेटाचा फोन स्थानिक असला तरी मिनिटामिनिटाला पैसे. त्यावर लोकांनी तोड काढली. ॲडॉप्टरने एक्स्चेंजला सांगायचे की हा बोलण्याचाच फोन आहे! मग मिनिटांचे पैसे नाहीत, पण वेग ६४,०००च्या जागी ५६,०००, कारण आवाजाच्या मार्गावर जुनी उपकरणे अधूनमधून आठवा बिट स्वत:च्या निरोपासाठी उचलत, म्हणून तो वापरायचाच नाही असे ठरलेले. मीही ही लबाडी केली. ज्या सोंगातून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच सोंग पैशासाठी परत घेतले.

आणि मग जुलैतली एक रात्र. मोठे वादळ झाले, झाड पडले, साऱ्या गल्लीची वीज गेली. अकराच्या सुमारास अण्णा उठून बसले. छातीवर दडपण, घाम. मी फोन उचलला तर कानाशी नुसती शांतता. डब्यावरचे सगळे दिवे विझलेले.

साध्या फोनला वीज लागते ती एक्स्चेंज पुरवते, त्याच तारेतून, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून. म्हणून गावात अंधार असला तरी जुना काळा फोन चालतो. आपल्याला त्याची इतकी सवय की ही वीज कोणाची याचा विचारच आपण करत नाही. ॲडॉप्टर मात्र घरच्या विजेवर चाले. जर्मनीच्या योजनेत वीज गेल्यावर एका फोनपुरता प्रवाह एक्स्चेंजकडून येण्याची सोय ठेवली होती. माझ्या अमेरिकन जोडणीत ती नव्हती. तारेच्या टोकाला आपली वस्तू लावण्याचा हक्क कार्टरने मिळवून दिला होता, त्याच्याबरोबर ती चालू ठेवण्याची जबाबदारीही आपल्याकडे आली होती. पुस्तिकेत तशी बारीक अक्षरांत सूचना होती. मी वेगाची पाने वाचली होती, ते वाचले नव्हते.

पावसात शेजाऱ्याकडे धावलो. त्या म्हाताऱ्या इटालियन बाईंकडे भिंतीवर टांगलेला, चकती फिरवायचा फोन होता. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. अण्णांना त्या रात्री पित्ताचाच त्रास होता असे निघाले. सकाळी ते दवाखान्यात चहा मागत होते. पुढच्या आठवड्यात मी एक साधी लाइन घेतली, जी वर्षापूर्वीच घेता आली असती, आणि तिला सगळ्यांत स्वस्त फोन लावला.

आयएसडीएनचे दिवस तसेही भरत आले होते. १९९८ साली ५६,००० बिटांच्या मोडेमचे नियम ठरले. एक्स्चेंज डिजिटल झाल्यामुळेच हे शक्य झाले: इंटरनेट देणारी कंपनी एक्स्चेंजला थेट आकडे देई, त्यामुळे येणाऱ्या मजकुराचे वाटेत भाषांतर एकदाच होई. म्हणजे आयएसडीएनने ज्या पायावर घर बांधले त्याच पायावर जुने मोडेम जवळपास तेवढेच उंच उभे राहिले, आणि त्याला कॉइल काढणारा माणूस बोलवावा लागत नव्हता. नंतर डीएसएल आले. हे नाव मुळात आयएसडीएनच्या तारेसाठीच वापरले जाई. नव्या प्रकाराने त्याच तांब्यावर बोलण्याच्या पट्ट्याच्या वरची सगळी जागा घेतली आणि खालचा पट्टा साध्या फोनला सोडून दिला. जर्मनीत आयएसडीएन २०२०च्या आसपास संपले. जपानमध्ये त्यावरची डेटासेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली.

मी २००१ साली बेळगावला परतलो, आणि पुन्हा मोडेमच्या शिट्ट्या ऐकू लागलो. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. आमच्याकडे ती आली तेव्हा मला तिच्यातले सगळ्यांत आवडले ते हे, की लोडशेडिंगमध्ये इंटरनेट बंद पडले तरी बाजूचा फोन चालू. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात, २००९ साली, त्या फोनने एकदाही दगा दिला नाही.

आता आमच्या गल्लीत तांब्याची तार राहिलेली नाही. काचेचा तंतू आला आहे. बसवायला आलेल्या मुलाने भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला: एक खाच फोनला, एक कॉम्प्युटरला, पुढे दिव्यांची रांग. मी त्याला विचारले, "वीज गेली तर?" तो म्हणाला, "सर, मोबाईल असतोच की." कपाटातला माझा जुना डबा त्याला दाखवावा असे मनात आले, पण त्याला पुढच्या घरी जायचे होते. दुसऱ्या दिवशी मी रविवार पेठेतून बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी आणून त्या पांढऱ्या डब्याला लावून घेतली. चार तास पुरते.